लढाईतल्या जीपचा कारखान्यातला मूळ रंग कसा ओळखावा?

हापूसगाडी (देवगड)

नमस्कार मंडळी. आजोबांनी दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर डिस्पोजलमध्ये (लष्कराने काढून टाकलेल्या सामानाच्या विक्रीत) घेतलेली जीप आमच्या मांगरात उभी आहे. बागेतून आंब्याच्या पेट्या काढायला ती वर्षानुवर्षं राबली, पुढे टेम्पो आला आणि हिच्यावर ताडपत्री पडली. आता तिला मूळ रूपात आणायचं घरात ठरलंय. इंजिन-गिअरचं काम कुडाळला चालू आहे, त्याची काळजी नाही. घोडं अडलंय रंगापाशी.

गाडी फोर्ड जीपीडब्ल्यू (फोर्डने बनवलेली लढाईतली जीप) आहे हे नक्की. बोल्टांच्या डोक्यावर एफ आहे, चासीचा पुढचा आडवा चॅनल चौकोनी आहे (तीच जीप बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या, विलिजच्या गाडीला तिथे गोल पाइप असतो), आणि जाळीला नऊ फटी आहेत, नंतरच्या महिंद्रासारख्या सात नाहीत. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावरची डेटा प्लेट शाबूत आहे, तीवर १९४४ वाचता येतं. वरून सध्या आकाशी ऑइलपेंट. खाली काय काय आहे देव जाणे.

पेंटर म्हणतो, "मिलिटरी ग्रीन म्हणजे मिलिटरी ग्रीन, डबा तयार मिळतो, कशाला डोकं लावताय?" नेटवर बघावं तर कोणी एफएस ३४०८७ सांगतो, कोणी बीएस २९८, कोणी आरएएलचा भलताच नंबर, सगळे वेगवेगळ्या रंगपुस्तिकांतले. त्यातले दोन मागवून पत्र्यावर मारले, तर एक शेवाळी निघाला आणि दुसरा चक्क शेणकट.

१९४४ साली ही गाडी ज्या रंगात कारखान्याबाहेर पडली तो रंग शोधायचा कसा, आणि आज बनवून घ्यायचा कसा?

लालमाती

नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक चक्कर मारा. लढाईतल्या कितीतरी गाड्या आणि रणगाडे तिथे आहेत. फोटो काढा, पेंटरला दाखवा, विषय संपला.

पत्रेवाला (कुडाळ एमआयडीसी)

लालमाती, संग्रहालय जरूर बघावं, पण रंगासाठी नाही. उघड्यावर ठेवलेलं लोखंड टिकवायचं तर ते पुन्हा पुन्हा रंगवावंच लागतं, जगात कुठेही. त्यावर जो दिसतो तो शेवटच्या रंगकामाचा रंग. शिवाय मोबाइलचा फोटो! मोबाइल स्वतःच ठरवतो पांढरं काय ते. तीच गाडी सकाळी झाडाखाली हिरवी येते आणि संध्याकाळी खाकी.

हापूसगाडी, तुमचा नमुना तुमच्याच गाडीत आहे. मात्र घाईने स्ट्रिपर मारू नका आणि सँडब्लास्टिंगला तर अजिबात पाठवू नका. एकदा का सगळं पांढरं लोखंड झालं की पुरावा भुकटी होऊन गेला.

जिथे ऊन, पाऊस आणि पुढच्या पेंटरचा ब्रश पोचला नाही, तिथे बघायचं. जीपमध्ये अशा जागा: डेटा प्लेटच्या मागे, बाजूच्या हँडलांच्या बुडाखाली, कुऱ्हाड-फावड्याच्या क्लॅम्पखाली, काचेच्या चौकटीच्या बिजागऱ्यांमागे, ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी जिथे बसते त्या खोलग्यात. टाकीच्या खोलग्याचा भरवसा मात्र कमी, कारण पेट्रोल सांडून तिथला रंग काळवंडलेला असतो. फरशीखालच्या चॅनलचा तर विषयच सोडा. आत लाकूड भरलेलं असायचं, ते ओल धरतं, आणि आपल्याकडच्या पावसात त्या चॅनलची जाळी झालेली असते.

प्लेट काढताना रिव्हेट मागून ड्रिल करा. पुढून पाना घालून उचकटली तर प्लेट वाकते, आणि खरी प्लेट पुन्हा मिळत नाही.

मग वॉटर पेपर. ४०० ने सुरू करून ६००, १०००, शेवटी २०००. भरपूर पाणी, हलका हात, गोल फिरवत. मधे पत्रा उघडा पडेपर्यंत जायचं आणि कडा निमुळत्या ठेवायच्या. सगळे थर गोल कड्यांसारखे एकाभोवती एक दिसतात. आतून पहिला बहुधा रेड ऑक्साइड प्रायमर, त्याला लागून जो आहे तो कारखान्याचा. कोरडं घासू नका. जुन्या रंगांत शिसं असतं, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

थर कळत नसतील तर कापसावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घ्या आणि पुसून बघा. आपल्याकडे गॅरेजात मारलेला डुको (एनसी रंग) लगेच विरघळून कापसावर येतो. ऑइलपेंट फुगतो, सुरकुततो. भट्टीत भाजलेला कारखान्याचा इनॅमल त्या मानाने चिवट असतो, पटकन सुटत नाही.

गाववालो (मालवण)

आमच्या काकांच्या जीपीक ट्रॉलरचो उरलेलो रंग मारलेलो. वर निळो, खाली लाल. जीप बाजारात इली की लोक विचारीत, "काय रे, आज बांगडो किती गावलो?" मूळ रंग शोधूक गेलास तर पयलो होडयेचोच थर गावतलो.

रंगरसायन (चिपळूण)

मी आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पत्रेवाल्यांनी जागा अचूक सांगितल्या. पण थर सापडला म्हणजे रंग सापडला असं होत नाही. ऐंशी वर्षांत त्या थराचं काय झालंय ते आधी समजून घ्या.

उघड्यावरच्या भागात ऊन बाइंडर (रंगद्रव्य धरून ठेवणारा भाग) खातं. रंगद्रव्य सुटं होऊन वर पावडर बसते, बोट फिरवलं की बोटाला लागते. त्यामुळे रंग मुळापेक्षा फिका आणि पांढुरका दिसतो. लढाईतले मॅट रंग तर यात लवकर जात, कारण चमक मारण्यासाठी त्यांत रंगद्रव्याचं प्रमाण जास्त आणि बाइंडर कमी असे. प्लेटमागे उलटं घडतं. तेलावर आधारलेला बाइंडर अंधारात पिवळा पडतो, म्हणून तिथला नमुना मुळापेक्षा जास्त पिवळट दिसेल. प्लेट काढलीत की ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काही दिवस उजेडात राहू द्या, ही पिवळट झाक बरीचशी उतरते.

आणि आपल्या भागातली खास अडचण म्हणजे जांभ्याची धूळ. पावडर सुटलेल्या रंगात ती शिरून बसते आणि ऑलिव्हचा तपकिरी करून टाकते. मोजमापाआधी सौम्य साबणाने धुवा, मग २००० च्या पेपरने वरची मेलेली कातडी काढा, मग बघा. नाहीतर फोर्डचा रंग म्हणून तुम्ही देवगडच्या सड्याचा रंग मिसळून आणाल.

आता नंबरांचा गोंधळ. एफएस ५९५ ही अमेरिकन रंगपुस्तिका १९५६ ची. म्हणजे त्यातला कुठलाही नंबर लढाईनंतरचा, १९४४ च्या गाडीवर त्या नंबराचा रंग "लागला" असं म्हणताच येत नाही. त्यात ३४०८७ ची छटा पुस्तिकेच्या आवृत्त्यांगणिक बदलत गेली. दोन दुकानदार एकाच नंबरावर दोन रंग देतात आणि दोघंही आपापल्या पुस्तिकेप्रमाणे खरे असतात! लढाईच्या काळात अमेरिकन लष्कराच्या क्वार्टरमास्टर खात्याचे स्वतःचे नमुने होते. जीपच्या रंगाचं नाव लस्टरलेस ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे बिनचमकीचा. १९४३ मध्ये सैन्य आणि नौदलाची यादी एक झाली तेव्हा त्याला ३१९ नंबर मिळाला. बीएस २९८ हा ब्रिटिश पुस्तिकेतला ऑलिव्ह ड्रॅब, त्याचा तुमच्या फोर्डशी थेट संबंध नाही. आरएएल जर्मन, तो तर बाजूलाच ठेवा.

एवढं करूनही "एकच मूळ रंग" मिळेल ही आशा धरू नका. विलिज आणि फोर्ड मिळून सहा लाखांवर जीपा निघाल्या. चासी एकीकडे, चाकं दुसरीकडे, टब (बॉडीचा पत्रा) तिसरीकडे, प्रत्येकाचा रंगपुरवठादार वेगळा. ठरलेल्या मर्यादेत बसला की माल पास. नव्याकोऱ्या गाडीवरसुद्धा चाक आणि मडगार्ड यांच्या छटेत फरक असू शकत होता.

हापूसगाडी

रंगरसायन काका, पत्रेवाला दादा, खूप आभार. प्लेट काढली, आणि कुऱ्हाडीच्या क्लॅम्पखालीही घासून बघितलं. जे दिसलं ते लिहितो.

प्लेटमागे: प्रायमर (तांबडा), त्यावर तपकिरीकडे झुकणारा ऑलिव्ह, मॅट. बस, एवढंच.

क्लॅम्पखाली: प्रायमर, तोच ऑलिव्ह, त्यावर गर्द हिरवा, जरा निळसर. मग चंदेरी, मग गेरूसारखा लाल, मग आकाशी.

बॉनेटच्या कडेला गर्द हिरव्याच्या वर पांढऱ्या अक्षराचा तुकडा आहे, वाचता येत नाही. त्याच्याही खाली, ऑलिव्हवर, फिकट निळसर-राखी रंगाचा एक ठिपका दिसतोय.

मग मिलिटरीचा रंग कुठला? ऑलिव्ह की गर्द हिरवा? पेंटर गर्द हिरव्याकडे बोट दाखवून म्हणतोय, "बघा, मी सांगत होतो."

खाकीखाते (रत्नागिरी)

वा! हे वाचून जीव सुखावला. दोन्ही मिलिटरीचे आहेत, आणि त्यातच सगळी मजा आहे.

प्लेटमागचा ऑलिव्ह कारखान्याचा, त्यात शंका नको. प्लेट लागल्यावर मागे कोणी रंगवायला जात नाही. तुमची गाडी १९४४ ची, म्हणजे टब बहुधा अमेरिकन सेंट्रल कंपनीचा, कॉनर्सव्हिल, इंडियाना इथला. विलिजचे टब ती आधीपासून करत होती, १९४४ पासून फोर्डलाही तेच टब जाऊ लागले. चासी फोर्डची, टब परका. दोन्हींवरचा ऑलिव्ह शेजारी ठेवून बघा, काकांनी लिहिलेला छटेचा फरक तुमच्याच गाडीत सापडेल.

तो निळसर-राखी ठिपका जपा. सुरुवातीच्या जीपांवर बॉनेटचे नोंदणी आकडे पांढरे नसत, ब्लू ड्रॅब नावाच्या मळकट निळ्याने काढत, लांबून दिसू नयेत म्हणून. १९४४ च्या गाडीवर मला तो अपेक्षित नव्हता. बॉनेट दुसऱ्या, जुन्या जीपचं असू शकतं. डिस्पोजलच्या गाड्यांत असं सर्रास होई. चार गाड्या उकलून एक चालती करायची.

गर्द हिरवा मात्र इथे लागलाय. ब्रिटिश बाजूचा इतिहास थोडक्यात सांगतो. लढाईच्या सुरुवातीला त्यांच्या गाड्या खाकी ग्रीन नंबर ३ मध्ये. मग हिरव्यासाठी लागणारा क्रोमियम ऑक्साइड कमी पडू लागला, तेव्हा ते तपकिरीवर गेले, तो एससीसी २ (एससीसी म्हणजे त्यांच्या लष्कराच्या ठरीव रंगांची यादी). फौजेच्या गाड्या दोनेक वर्षं तपकिरी होत्या हे आज कोणाला सांगून खरं वाटत नाही. सिनेमात सगळं हिरवंच असतं ना! १९४४ च्या वसंतात एससीसी १५ ऑलिव्ह ड्रॅब आला. मुख्य कारण व्यवहाराचं: अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या पुन्हा रंगवायला नकोत. पूर्वेकडच्या आघाडीवर, ब्रह्मदेश वगैरे, जंगल ग्रीन म्हणून एससीसी १३ होता. आणि लढाईआधी व नंतर शांततेच्या काळात डीप ब्रॉन्झ ग्रीन, २२४ नंबरचा, निळसर छटेचा आणि चमकदार.

तेव्हा हापूसगाडी, एकच सांगा. तो गर्द हिरवा मॅट आहे की चमकतो?

रंगरसायन

खाकीखात्यांच्या प्रश्नात माझी भर. क्लॅम्पच्या कडेचा टिकलीएवढा पापुद्रा सगळ्या थरांसकट ब्लेडने उचला. पारदर्शक रेझिनमध्ये उभा बसवा, कडक झाल्यावर बारीक पेपरने छेद पॉलिश करा आणि मायक्रोस्कोपखाली बघा. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला चालेल, कॉम्प्युटरला जोडायचा स्वस्तातलाही चालतो. जुन्या वास्तू आणि चित्रं जपणारे हेच करतात.

त्यात रंगापेक्षा रंगांमधली रेघ बघायची. प्रायमर आणि पहिला रंग यांच्यामध्ये धूळ नसते, कारण एकावर एक लगेच चढले. दोन थरांमध्ये मळाची काळी किंवा तांबडी रेघ दिसली तर मधल्या काळात गाडी वापरात होती. पहिल्या थराचा वरचा काठ विरघळल्यासारखा, झिजलेला असेल तर तो ऊन खाऊन मग झाकला गेला.

पत्रेवाला

थर वाचणं ठीक, पण मी कामाचं बोलतो. हापूसगाडीने विचारलंय कारखान्याचा रंग. तो मिळाला, ऑलिव्ह. गर्द हिरवा इतिहासात असेल, त्याला नमस्कार करू आणि ऑलिव्ह मारू. अमेरिकन जीप अमेरिकन रंगात.

खाकीखाते

इथेच माझं वाकडं. ही जीप अमेरिकेत लढली नाही. ती बोटीतून इकडे आली, आपल्या लष्कराच्या किंवा ब्रिटिशांच्या कुठल्या तरी वर्कशॉपात रंगली, त्यावर पांढरा नंबर चढला, आणि तशीच डिस्पोजलला गेली. आजोबांनी पहिल्यांदा पाहिली ती गर्द हिरवीच असणार. कारखान्यातला रंग म्हणजे लढाईतला रंग, हे समीकरण आपण विनाकारण धरून बसलोय.

मुंबईतच बघा. शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचाही मुंबईत होता. कॅनडातून सुट्या भागांत येणारे सीएमपी (कॅनेडियन लष्करी नमुन्याचे) ट्रक इथे जोडले जात. टाटानगरला तर कॅनेडियन फोर्डच्या चासीवर इथलं चिलखत चढवून साडेचार हजारांवर गाड्या झाल्या. त्यांचा "कारखाना" कुठला धरायचा, कॅनडाचा की आपला?

पत्रेवाला

ट्रकचं ट्रकला. तुमच्या हिशेबाने आकाशी पण इतिहासच झाला. आंबे त्यातनंच गेले.

लालमाती

आकाशीच ठेवा! हापूसगाडी नाव शोभेल.

तालुकावकील (कणकवली)

गमतीत भर नको म्हणून गप्प होतो, पण एक महत्त्वाची गोष्ट सगळे विसरताय. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. तुम्ही संग्राहक आहात, आजोबांची गाडी आहे, मूळ रंग आहे, यातलं काहीही हायवेवर अडवणाऱ्या हवालदाराला सांगून उपयोग नाही.

२०२१ च्या जुलैपासून विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आलेत. ५० वर्षांपेक्षा जुनी, धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी-चारचाकी, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली. नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. गाडी रोज फिरवायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. पण हे नियम आले म्हणून १२१ रद्द झाला असं कुठेही लिहिलेलं नाही. रंगाच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी आरटीओत लेखी अर्ज करा, आरसीवर आज रंग काय नोंदलाय तेही बघा, आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी "चालेल हो" चालत नाही.

खाकीखाते

वकीलसाहेब, म्हणजे ज्यांच्याकडे १९४२-४३ ची ब्रिटिश गाडी आहे ते भाग्यवान. तपकिरी एससीसी २ मारा, पुराव्यानिशी अस्सल आणि नियमातही. कोणी ओळखणार नाही एवढाच तोटा.

तालुकावकील

तपकिरीला हरकत दिसत नाही. पण हापूसगाडींच्या थरांत तपकिरी नाही, तेव्हा उगाच पळवाट म्हणून इतिहास बदलू नका.

हापूसगाडी

नियम १२१ माहीतच नव्हता. सावंतवाडीकडे रंगवलेल्या जीपा फिरताना दिसतात म्हणून वाटलं चालत असेल. अर्ज देतो.

मायक्रोस्कोपचं काम भाच्याने कॉलेजात करून दिलं. प्रायमर आणि ऑलिव्हमध्ये स्वच्छ जोड. ऑलिव्ह आणि गर्द हिरव्याच्या मध्ये बारीक पण स्पष्ट मळाची रेघ, तांबूस नव्हे, काळपट. ऑलिव्हचा वरचा काठ मात्र झिजलेला नाही. गर्द हिरवा चमकदार आहे, धुतल्यावर अजून चमकतो. आणि गर्द हिरवा व चंदेरी यांच्यामधली रेघ तांबडी, चांगली जाड!

खाकीखाते

तांबडी रेघ म्हणजे देवगडचा जांभा, तिथून पुढचं सगळं तुमच्या घरचं. चमकदार निळसर गर्द हिरवा म्हणजे जंगल ग्रीन नव्हे, तो मॅट असता. माझा कौल डीप ब्रॉन्झ ग्रीनला, लढाई संपल्यावर डेपोत चढलेला. ऑलिव्हवर ऊन फार लागलं नाही, म्हणजे तो थोडाच काळ उघडा होता. १९४४ ला बनली, आली, काही काळ चालली, मग झाकली गेली, हिशेब जुळतो. तेव्हा लढाईतला रंग ऑलिव्हच ठरतो आणि माझा वरचा मुद्दा या गाडीपुरता बाद. पत्रेवाले, पेढे घ्या.

पत्रेवाला

पेढे नको, मालवणी खाजा चालेल.

रंगरसायन

छान. आता जुळवणीकडे या, कारण खरी घसरण इथे होते.

दुकानातल्या टिंटिंग मशीनला झाकण दाखवलं की ते मोजून रंग काढून देईल. दुकानात तो हुबेहूब दिसेल, अंगणात आणलात की वेगळा. कारण मशीन उपलब्ध रंगांतून जोड लावतं, बहुधा थॅलो हिरवा (एक फार तीव्र कृत्रिम रंगद्रव्य) आणि एखादा झगझगीत पिवळा घेऊन. जुन्या ऑलिव्हमधली द्रव्यं मातीच्या जातीची. दोन्ही एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली निराळी दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात. मिसळणाऱ्याला सांगा: यलो ऑक्साइड आणि काळा यांपासून सुरू कर. पिवळ्यात काळा गेला की ऑलिव्ह आपोआप होतो, लोकांना हे खोटं वाटतं, करून बघा. मग लागेल तसा रेड ऑक्साइड, हिरवेपणा कमी पडला तर क्रोम ऑक्साइडचा थेंब. थॅलोला हात लावू नकोस म्हणावं, तो एक थेंबात सगळं खाऊन टाकतो.

मॅटिंग एजंट (चमक मारणारं द्रव्य) नंतर घालायचा असेल तर ध्यानात ठेवा, मॅट केलं की तोच रंग फिका दिसतो. म्हणून जुळवणी नेहमी मॅट करून, वाळवून, मगच. ओल्या रंगावर कधीच निकाल देऊ नका.

नमुना पत्रे हातभर तरी मोठे करा. टिकलीएवढा रंग आणि बॉनेटभर रंग डोळ्याला वेगळे वाटतात. बघायची जागा उघडी सावली, सकाळी दहाच्या सुमारास, खाली राखी कागद. आमराईत बघू नका, वरून पानांचा हिरवा आणि खालून मातीचा लाल उजेड पडतो. स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजायचं यंत्र) मिळाला तर उत्तम. चमक धरून आणि चमक वगळून, दोन्ही आकडे घ्या. डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचा आकडा) १ च्या आसपास आला की थांबा. त्याहून जास्त फरक कारखान्यातल्या दोन पिंपांतच असेल.

पत्रेवाला

आणि हंगाम. जून ते सप्टेंबर गन उचलायची नाही. डुको-एनसी मारताय तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. मॅट ऑलिव्हवर ती झाक आली की तीच खरी छटा वाटते लोकांना. रिटार्डर (थिनर सावकाश उडावा म्हणून घालायचं द्रव्य) घालून काम भागतं, पण मी म्हणतो डिसेंबर-जानेवारी थांबा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम, एवढं बघूनच सुरुवात.

त्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुवा, अगदी जोडांच्या आत. खाऱ्या वाऱ्याचं मीठ पत्र्यावर राहिलं आणि वरून प्रायमर गेला तर वर्षभरात फोड येतात. प्रायमर इपॉक्सी घ्या. मूळचा तांबडा होता म्हणून हट्ट असेल तर इपॉक्सीवर तांबडा मारा, पण लोखंडाला आधी इपॉक्सी. इथे मी मूळपणा मानत नाही. कारखान्यातल्या गाडीला काही वर्षं जगायचं होतं, तुमच्या गाडीला देवगडला नातवंडांपर्यंत जगायचंय.

लांबी (पुट्टी) जाड थापू नका. जीपचा पत्रा कारखान्यातही आरशासारखा नव्हता, स्पॉट वेल्डचे खळगे दिसू द्या.

हापूसगाडी

ठरलं ते असं. आरटीओचं लेखी उत्तर येईपर्यंत फक्त इपॉक्सी प्रायमर. ऑलिव्ह मिसळून डब्यात आणि नमुना पत्र्यांवर तयार ठेवतो. परवानगी मिळाली तर सगळी गाडी ऑलिव्ह, नाही मिळाली तर बाहेरून आकाशी. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू आणि टूलबॉक्सचं पोट मात्र ऑलिव्ह, तेवढ्याला हरकत येईल का, वकीलसाहेब? क्लॅम्पखालच्या थरांच्या कड्यांवर हात फिरवायचा नाही, तो तुकडा क्लिअर लॅकर मारून तसाच ठेवणार.

बॉनेट दुसऱ्या गाडीचं असेल तर त्यावरचा ब्लू ड्रॅबचा ठिपका कसा जपावा? कोणी केलंय का?

तालुकावकील

आतल्या भागाबद्दल अर्जातच वेगळा परिच्छेद लिहा. विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर येतं.

खाकीखाते

ठिपक्याचा आधी रंगपट्टी आणि राखी कार्डासकट फोटो, मग त्यावर टेप न लावता कागदाचं झाकण. टेप रंगासकट निघते. बॉनेट जुनं निघालं तर त्याच्या ऑलिव्हचं वेगळं मोजमाप घ्या. १९४४ च्या टबापेक्षा तो निराळा आला तर आकडे इथे नक्की टाका.

गाववालो

आनि आकाशीचा उरलेला माका द्या. होडी रंगवूची हा.